असेंबल केलेला पीसी गेममध्ये हँग होतो: आधी फॉरमॅट, आधी पार्ट बदल की आधी एक्सएमपी बंद?

दुसरा_चौथा_स्लॉट

असेंबल केलेला पीसी ऐन गेममध्ये हँग व्हायला लागला की सल्ल्यांना तोटा नसतो. फॉरमॅट मार, ग्राफिक्स कार्ड बदल, मोठा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घे. माझं मत वेगळं आहे. ते खोडून काढायचं असेल तर अवश्य काढा, धागा त्यासाठीच आहे. काहीही पुसण्याआधी आणि काहीही विकत घेण्याआधी बायॉस (मदरबोर्डवरची सेटिंग्ज) डिफॉल्टला आणायचा. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम छापलेल्या जास्त वेगाने चालवणारं प्रोफाइल) बंद, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) बंद, कार्डचं अंडरव्होल्टिंगही (व्होल्टेज कमी करणं) बंद. मग तोच गेम, तितकाच वेळ.

माझ्या पीसीचं सांगतो. पाऊण तास गेम व्यवस्थित चालायचा, मग चित्र थिजायचं आणि शेवटचा अर्धा सेकंद आवाज ट्र्र्र्र करत अडकून राहायचा. मी कॅप्स लॉक दाबून बघायचो, कीबोर्डवरचा दिवा जसाच्या तसा. (दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जिवंत आहे, चित्र तेवढं अडकलंय. दिवाही बदलत नसेल तर बहुतेक सगळंच थांबलंय. साधी खूण आहे, पण फार कामाची.) तीन आठवडे मी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मागे लागलो होतो. शेवटी रॅमचा वेग ६००० वरून ५६०० वर आणला. त्यानंतर वर्ष झालं, एकदाही हँग नाही.

खोक्यावर ६००० छापलेलं असतं म्हणून तो रॅमचा मूळ वेग, असं आपण धरून चालतो. प्रोफाइल न लावता डीडीआर५ स्टिक (रॅमची पट्टी) ४८०० किंवा ५६०० वर, १.१ व्होल्टला चालते. ६००० च्या बऱ्याच किट (एकत्र विकलेल्या स्टिकांच्या जोड्या) १.३५ च्या आसपास व्होल्टेज मागतात आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरलाही (रॅमशी बोलणारा भाग) सोबत पळायला लावतात. प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं.

शिवाय एरर मेसेज जिथे बोट दाखवतो तिथेच दोष असेल असं नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनचे गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणत बंद पडत होते. लोकांनी कार्डाचे ड्रायव्हर काढून-घालून बघितले. दोष निघाला प्रोसेसरमध्ये, जास्त व्होल्टेज मागण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) आला, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्याने दुरुस्त होत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फक्त_खेळाडू

तीव्र असहमत. पैसे ६००० च्या रॅमचे मोजले आणि वापरायची ५६०० ला? ही दुरुस्ती नाही, तडजोड आहे. तुमच्या पीसीत दोष रॅममध्ये होता, कंट्रोलरमध्ये होता की बोर्डात, हे तुम्हाला आजही माहीत नाही. तुम्ही तो झाकला आणि वॉरंटीचं एक वर्ष घालवलं.

माझी पद्धत सरळ आहे: ओळखीतल्या कुणाचं तरी कार्ड मागायचं, लावायचं, खेळायचं. तरीही हँग झालं तर आपलं कार्ड निर्दोष. मग रॅम, मग एसएमपीएस. प्रत्येक बदलातून ठाम उत्तर मिळतं. तीन गोष्टी एकदम बंद केल्यावर नक्की कशाने फरक पडला ते कसं सांगणार?

दुसरा_चौथा_स्लॉट

शेवटचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच डिफॉल्टवर पीसी टिकला की एकेक गोष्ट परत चालू करायची, आणि वहीत तारखेसह लिहायची. हे वाक्य वर लिहायला हवं होतं.

पण पार्ट बदलण्याचं ‘ठाम उत्तर’ मला पटत नाही. कार्ड काढताना तुम्ही पॉवरची केबलही काढता आणि परत घट्ट बसवता. मग पीसी चालला तर तो कार्डामुळे की केबलमुळे?

केबल_आधी_बघा

मी गेली कित्येक वर्षं घरच्यांचे, ऑफिसातल्या मैत्रिणींचे पीसी जोडून देते. दोघंही ‘हँग’ हा एकच आजार धरून भांडताय. तो एक नाही.

वीज गेल्यासारखा पीसी झटकन बंद पडतो, ते वेगळं. स्क्रीन काळी, कार्डाचे पंखे भरधाव आणि मागे आवाज चालूच, ते वेगळं. गेम निमूटपणे डेस्कटॉपवर फेकला जातो, तेही वेगळं. पहिल्यात मी एसएमपीएस आणि तापमान बघते, दुसऱ्यात कार्ड आणि त्याची केबल, तिसऱ्यात गेमच्या फायली आणि रॅम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं की लोक लगेच एसएमपीएसच्या नावाने बोंब मारतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता परत सुरू झाला. कारण त्यात नसतं. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ची नोंद आहे का ते बघा, हार्डवेअरची तक्रार तिथे येते.

आणि केबल. मागच्या महिन्यात एक पीसी आला, गेम सुरू होताच बंद पडायचा. कॅबिनेटचं झाकण काढून टॉर्च मारला. कार्डाला ८-पिनच्या दोन जागा, आणि दोन्हींत एकाच केबलची दोन तोंडं. पहिल्या तोंडातून निघालेला आखूड तुकडा वळसा घेऊन दुसऱ्यात गेलेला. ८-पिनच्या एका जागेचं प्रमाण १५० वॉट, म्हणजे ३०० वॉटची वाट एकाच केबलवर. शिवाय कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतं. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० या प्रमाणकात तर मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अटच आहे. खोक्यात पडून असलेली दुसरी केबल लावली, पीसी चालला. एक्सएमपी चालूच होतं.

फक्त केबल त्याच एसएमपीएसची घ्या. दुसऱ्याची तोंडाला बसते म्हणून लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, सगळा पीसी जळू शकतो.

कोरी_डिस्क

सॉफ्टवेअरचं नावच काढत नाही कुणी. जुन्या ड्रायव्हरांचे अवशेष, पंख्यांची आणि दिव्यांची चार-चार सॉफ्टवेअरं, गेमवर बसणारे ओव्हरले. माझ्या अनुभवात निम्मे पीसी स्वच्छ विंडोजवर सुधारतात. फॉरमॅट मारला की एका संध्याकाळीत निकाल लागतो, सॉफ्टवेअर की हार्डवेअर.

दुसरा_चौथा_स्लॉट

इथे मात्र मी हट्टाने विरोध करीन. रॅम डळमळीत असताना विंडोज टाकलंत तर त्या रॅममधून जाताना बिघडलेल्या फायली डिस्कवर लिहिल्या जाऊ शकतात. मग नवं विंडोजही पडतं, आणि आता तुमच्याकडे एकाऐवजी दोन बिघाड. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा. डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका आपोआप सुधारण्याची सोय) असतं म्हणून टेस्टची गरज नाही, हाही गैरसमज आहे. ते ईसीसी चिपच्या आतल्या चुकांपुरतं. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचा पहारा नसतो.

कोरी_डिस्क

बरोबर, क्रम बदलतो: मेमटेस्ट आधी. आणि जुनं विंडोज पुसायचंही नाही. जुनी डिस्क काढून एखाद्या रिकाम्या एसएसडीवर नवं विंडोज आणि फक्त तो एक गेम टाकायचा. पण स्वच्छ विंडोजची पायरी सोडणार नाही.

फक्त_खेळाडू

टेस्टवर एवढा भरवसा नको. माझ्या पीसीने कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३० वर स्ट्रेस टेस्ट चार तास झेलली आणि रात्री नुसता ब्राउझर उघडा असताना रीस्टार्ट झाला. सगळ्या कोअरवर भार असताना वेग कमी असतो. एकटा कोअर हलक्या कामात सर्वात वर उडी मारतो, तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. टेस्ट पास म्हणजे त्या टेस्टपुरता पास.

पहिलाच_पीसी

मदत हवी. वरच्यासारखंच: २० ते ४० मिनिटांनी चित्र थिजतं, आवाज अडकतो, कॅप्स लॉकचा दिवा बदलत नाही. व्हियाची नोंद नाही. कार्डाला दोन वेगळ्या केबल आहेत. दोन स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एक्सपो ६०००.

केबल_आधी_बघा

तुमच्याकडे आधी रॅम. एक्सपो चालू ठेवूनच मेमटेस्ट लावा, एकेक स्टिक, दोन्ही वेळा त्याच एका स्लॉटमध्ये. आणि स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहिली तर घाबरून बटण दाबू नका, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतोय, म्हणजे नव्या स्टिकशी जुळवून घेतोय.

पहिलाच_पीसी

दोन रात्री गेल्या. पहिली स्टिक एकटी, एक्सपोवर: चार फेऱ्या, शून्य एरर. दुसरी, त्याच स्लॉटमध्ये: दुसऱ्या फेरीत ११ एरर. एक्सपो बंद करून तीच दुसरी परत लावली: शून्य. दोन्ही लावून, एक्सपो बंद, चार दिवस गेम खेळलो. हँग नाही.

दुसरा_चौथा_स्लॉट

म्हणजे डिफॉल्टवर पीसी स्थिर आहे. माझं म्हणणं हेच होतं.

फक्त_खेळाडू

आणि माझंही हेच! त्याच स्लॉटमध्ये, त्याच प्रोसेसरवर पहिली स्टिक ६००० ला चालते, दुसरी नाही. म्हणजे दुसरी स्टिक छापलेला वेग देत नाही. चार दिवस हँग नाही म्हणून त्यांनी ४८०० वर समाधान मानलं असतं तर सदोष माल गळ्यात राहिला असता.

दुसरा_चौथा_स्लॉट

हे मला मान्य करावं लागेल. एक्सएमपी बंद करणं ही तपासणी आहे, तिथे थांबायचं नाही. मी थांबलो होतो. या आठवड्यात माझ्याही स्टिक एकेक करून तपासतो.

पहिलाच_पीसी

मग फक्त दुसरी पाठवू का? पहिलीवर निदान खेळता येईल.

केबल_आधी_बघा

किट म्हणून घेतली असेल तर दोन्ही पाठवा. जोडी एकत्र तपासून विकलेली असते. एकटी बदलून आली तर वेगळ्या चिपची येऊ शकते आणि ६००० ला परत हेच रडगाणं. पाठवण्याआधी मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढा, एररचा आकडा आणि वेग दोन्ही दिसतील असा. आणि दोन्ही स्टिकांवरचे सिरियल नंबर लिहून ठेवा.