दुपारच्या मुहूर्ताला ताज्या फुलांच्या मुंडावळ्या टिकतील का?

साताऱ्याची_वहिनी
धाकट्या दिरांचं लग्न वैशाखात आहे, साताऱ्यातच. मुहूर्त 12.35 चा. मुलीकडचे मिरजेचे, त्यांनी दोघांसाठी मोत्यांच्या मुंडावळ्या आणूनही ठेवल्यात. आमच्या आजेसासूबाईंचं मात्र एकच पालुपद, "मोत्याला वास असतो का गं? नवरदेवाच्या कपाळाला फूल लागलं पाहिजे."

आजींचं मन मोडवत नाही, पण भीती वाटते. माझ्या लग्नात गजरा सकाळी 9 ला माळला आणि अक्षता पडेपर्यंत तपकिरी झाला. फोटोत अंबाड्यावर चहाचा चोथा ठेवल्यासारखं दिसतं. शिवाय हारात लिली घातली होती (डेकोरेटरचा हट्ट, "रिच दिसतं"), तिचे तांबूस पराग शालूला लागले ते आजतागायत निघाले नाहीत.

उन्हाळ्यात फुलं टिकवायची कशी? आणि निशिगंधाचा पांढरा हार लग्नात चालतो ना? एका मावशींनी त्यावरही नाक मुरडलंय.

मिरजेचा_हारवाला
वहिनी, तुमचा गजरा उन्हानं गेला नाही, तो शिळा होता. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात, ती त्याच संध्याकाळी उमलते. तुम्ही सकाळी माळलात ती आदल्या दिवशीची कळी, रात्रभर फुलून दमलेली. दुपारी ती माना टाकणारच.

म्हणून फुलवाल्याला "आदल्या रात्री गजरे तयार ठेवा" असं सांगूच नका. त्याच पहाटेची कळी मागा. पांढरी, टपोरी, पण घट्ट मिटलेली. हिरवट नको, ती उमलत नाही. वैशाखात मोगरा भरपूर असतो, अडचण यायची नाही. अक्षता पडताना मुंडावळी कळ्यांचीच असेल, लांबून मोत्यांची वाटेल, म्हणजे आमचे मिरजकरही खूश. वरात घरी पोचेपर्यंत उमलेल आणि आजींना हवा तो वास येईल.

ओवायला नायलॉनचा दोरा नको, कळीची मान कापते. केळीचं सोपट (खोडाची वाळलेली साल) भिजवून घ्या. ओवून झालं की केळीच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवा, खाली बर्फ. बर्फ कळीला टेकला की डाग पडतो, मध्ये फडकं घाला.

निशिगंधाबद्दल मावशींना सांगा, आमच्याकडे लग्नाच्या हाराला पहिला तोच लागतो. मध्ये गुलाब, खाली गोंडा, की झाला लग्नाचा हार. फक्त एकेरी फूल घ्या. दुहेरीच्या दांड्या फुलदाणीला बऱ्या. आणि जुनी चालरीत म्हणाल, तर निशिगंध काय, दाराचा झेंडू काय, दोन्ही मूळचे मेक्सिकोकडचे. तरी त्यांच्यावाचून आपला मांडव सजत नाही.

लिली मात्र हारात नकोच. घालायचीच तर केसर आधी खुडून टाकायला सांगा.

कराडचा_बापू
हाराचं वजनही बघा वहिनी. आमच्या मित्रमंडळींनी हौसेनं एवढा जाड हार आणला की मंगलाष्टकं संपली तेव्हा मी मान वाकवूनच उभा. सासरे म्हणाले, पोरगा फार नम्र आहे.

साताऱ्याची_वहिनी
बापू 😄

काका, फारच उपकार झाले. आता ठरलं असं, की नवरीला तिच्या आईच्या मोत्यांच्या आणि दिरांना कळ्यांच्या. माझी पुतणी म्हणत होती, त्यात कासची फुलं घालू. तिला म्हटलं, ती पावसाळ्यात फुलतात आणि तिथलं फूल तोडायचं नसतं बाई, 2012 पासून जागतिक वारशात आहे ते पठार.

आजींनी जाहीर केलंय की कळ्या त्याच ओवणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा स्वतः घालतात, कुणाला हात लावू देत नाहीत. फक्त ते सोपट साताऱ्यात कुठे मिळेल?

मिरजेचा_हारवाला
मांडवाच्या दाराला केळीचे खुंट लावणारच ना? ज्याच्याकडून घेणार, त्यालाच चार दिवस आधी सांगून ठेवा. वाळलेलं सोपट त्याच्या बांधावर पडलेलंच असतं. आणि आजींना म्हणावं, सुई कशाला? सोपटाची गाठ मारत कळ्या गुंफा, भोक पडत नाही.