नखाने ओरखडा उठतो त्या दगडाचा ओटा कसा काय टिकतो?

धोंडू_1: सोपस्टोन म्हणजे आपलं शंखजिरं, त्याचा एक तुकडा कोरायला आणलाय. नख ओढलं तर चक्क पांढरी रेघ उठते, हाताला बुळबुळीत लागतो. आणि नेटवर बघावं तर याच दगडाचे किचन ओटे, शेगड्या, लॅबमधली टेबलं! मऊ की टिकाऊ, नक्की काय? आणि मशीन नाहीये, घरात बसून कोरता येईल का?

रसायन_किडा: दोन्ही खरंय. यात मुख्य माल टाल्क, मोह्स स्केलवर (खनिजांचा कडकपणा मोजायची पट्टी) 1, म्हणजे त्या स्केलवरचं सगळ्यात मऊ खनिज. पण अख्खा दगड टाल्कचा नसतो, क्लोराइट वगैरे दुसरी खनिजं मिसळलेली असतात. टाल्क जास्त तर कोरायला सोपा, कमी तर ओट्याला बरा. आणि मऊ म्हणजे ओरखड्यापुरताच हां! छिद्रं जवळपास नसतात त्यामुळे डाग आत मुरत नाहीत, लिंबू सांडलं की मार्बलची चकाकी जाते, याला ढिम्म फरक पडत नाही, लॅबवाले घेतात ते म्हणूनच. शिवाय उष्णता साठवून हळूहळू सोडतो, विस्तव विझला तरी शेगडी कितीतरी वेळ गरम.

छिन्नीवाला: कर्नाटकातलं बेलूरचं देऊळ या जातीच्या दगडात कोरलंय, 1117 ला सुरुवात झाली, बायकांच्या दागिन्यांची नक्षी अजून दिसते. रिओच्या ख्रिस्ताच्या पुतळ्यावरही याच्याच छोट्या त्रिकोणी फरश्या आहेत.
मशीन कशाला, लाकडाची करवत नि कानस पुरे. हातोडा जपून, थर असले तर ढलपी निघते मग बसा रडत. शेवटी ओला पॉलिश पेपर, वरून मिनरल ऑइल, रंग मस्त गडद होतो.

नाकपुडी: घरात नको!! काही खाणींच्या दगडात ॲस्बेस्टॉसचे धागे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, धुळीबरोबर श्वासात गेले की फुप्फुसाला घातक. कुठल्या खाणीतला आहे ते दुकानदाराला विचार, बाहेर बसून दगड ओला ठेवून घास, चांगला मास्क लाव, धूळ झाडू नको, ओल्या फडक्याने पूस.

धोंडू_1: बाप रे, बरं झालं विचारलं. कोरून झाल्यावर ओव्हनमध्ये भाजून कडक होईल का?

रसायन_किडा: घरच्या ओव्हनचं काम नाही ते. हडप्पाच्या मुद्रा याच दगडाच्या, कोरून मग भाजलेल्या, त्याने कडक नि पांढऱ्या झाल्या. पण टाल्कचं रूप बदलायला 1000 अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि मुद्रा चपट्या, लहान. तुझा जाडजूड तुकडा भट्टीत तडकायचीच भीती जास्त, तेल लावून सोडून दे.