मदत हवी आहे: 'मायटोकॉन्ड्रिया'चा उच्चार, अर्थ आणि व्युत्पत्ती

नमस्कार. भाचीला पेशीचा धडा समजावून सांगत होते. पुस्तकात 'तंतुकणिका' म्हटलंय, आकृतीत मात्र कॅप्सूलसारखा लांबट गोळा. तिने विचारलं, "मावशी, यात तंतू कुठाय?" मला काही सांगता येईना. पेशीचं ऊर्जाकेंद्र वगैरे सगळ्यांनाच पाठ असतं, पण नाव असं का पडलं हे मलाही मनापासून जाणून घ्यायचंय. शिवाय उच्चार 'मायटो' की 'मिटो'? आणि 'एक मायटोकॉन्ड्रिया' म्हणणं बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

भाचीचा प्रश्न फार चांगला आहे, आधी त्याचंच बघू. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये दिलं. ग्रीक 'मितोस' म्हणजे धागा आणि 'खोन्ड्रिऑन' म्हणजे बारीकसा कण. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हे घटक कुठे धाग्यासारखे, कुठे ओळीने मांडलेल्या कणांसारखे दिसले, म्हणून नावात दोन्ही आले. त्याआधी १८९० मध्ये रिचर्ड आल्टमान यांनी यांनाच 'बायोब्लास्ट' म्हटलं होतं, पण ते नाव टिकलं नाही.

पुस्तकातली आकृती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या अतिशय पातळ कापावरून काढलेली असते. दोरी तिरपी कापून कापलेलं टोक पाहा, लंबगोलच दिसेल. जिवंत पेशीत मात्र यांचे लांब, फाटे फुटलेले धागेही असतात. ते एकमेकांना जुळतात, पुन्हा तुटतात. म्हणजे तंतू आहे, आकृतीत तो आडवा कापला गेलाय इतकंच.

मराठी शब्द घडवणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. 'खोन्ड्रिऑन' हे 'खोन्ड्रोस'चं, म्हणजे कणाचं, लघुरूप. आपल्याकडेही कण आणि त्याची कणिका! तो लहानपणासुद्धा शब्दात उतरलाय.

प्रतिसाद २

उच्चाराबद्दल: इंग्रजीत 'मायटोकॉन्ड्रिया', जर्मनमध्ये 'मिटो'. शाळेत 'मायटो'च म्हणावं. स्पेलिंगमध्ये सी-एच असूनही 'च' होत नाही, कारण मूळ ग्रीक अक्षर आपल्या 'ख'च्या जवळचं. इंग्रजीत त्याचा 'क' झाला.

मायटोकॉन्ड्रिया हे अनेकवचन, एकवचन मायटोकॉन्ड्रियॉन. त्यामुळे 'मायटोकॉन्ड्रियाज' तर नकोच. 'तंतुकणिका'ला ही अडचण नाही: एक शाळा, दहा शाळा, तशी एक तंतुकणिका, शंभर तंतुकणिका.

आणखी एक. 'मायटोसिस'मध्येही तोच 'मितोस' आहे. पेशी विभागताना दिसणाऱ्या धाग्यांवरून वॉल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये तो शब्द वापरला. मराठीत त्याला सूत्री विभाजन म्हणतात. म्हणजे एकाच ग्रीक धाग्याचं मराठीत एकीकडे सूत्र झालं, दुसरीकडे तंतू.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोरी कापून दाखवली, भाचीने ते टोक वहीत ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि शेजारी अख्खी दोरी काढली. सूत्री विभाजनाचा धडा पुढे आहे, तेव्हा सूत्र आणि तंतूचं नातंही सांगेन.

एक राहिलंच. तंतुकणिका 'ती', पण मराठी वाक्यात 'मायटोकॉन्ड्रियॉन' आलं तर तुम्ही तो म्हणता की ते?