मदत हवी आहे: शिसवी कपाटावरचा ओरखडा, आणि मार्करने केलेला घोळ

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या चवथीआधी घराला रंग काढला. त्या गडबडीत बाहेरच्या खोलीतलं शिसवी कपाट कामाच्या दोघांनी उचलायचं सोडून ओढत नेलं. मी स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर येईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. कपाट सासूबाईंच्या सासूबाईंचं, त्यामुळे प्रकरण नाजूक आहे.

ओरखडे दोन. एक दारावर, हातभर लांब, पांढरट. नख फिरवलं तर जेमतेम लागतो. दुसरा खालच्या कडेला, खिळ्याने उकरल्यासारखा, आतलं लाकूड दिसतंय.

ऑनलाइन टच-अप मार्कर आणि मेणकांड्यांचा संच मागवला. त्यात अक्रोड, महोगनी, ओक अशी नावं, शिसव कुठेच नाही. कपाट काळपट, म्हणून सगळ्यात गडद मार्कर घेतला आणि खालच्या ओरखड्यावर फिरवला. आता तिथे काजळाची रेघ ओढलेली दिसतेय. त्याहून वाईट म्हणजे आजूबाजूचं पॉलिश चिकट झालं, आणि मी वेडेपणाने हात लावल्यामुळे त्यावर बोटाचा ठसा उठलाय.

सासूबाई मडगावला लेकीकडे गेल्यात, रविवारी येतील. मेस्ताला, म्हणजे सुताराला, फोन केला तर तो म्हणतो चवथ होऊ दे. ही रेघ निघेल का? छटा निवडायची कशी? आणि दारावरच्या ओरखड्याला मार्कर लावू की नको?

– फोंडेकरीण

रंधा:
दाराला मार्कर लावू नका! आधी पॉलिश कुठलं ते बघा. दाराच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा. जागा चिकट झाली आणि कापसाला तपकिरी रंग आला, तर चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश. जुन्या शिसवी सामानावर बहुधा तेच असतं. चपडा विरघळतो स्पिरिटमध्ये, आणि असल्या बऱ्याच मार्करांची शाईही स्पिरिटचीच. म्हणजे तुम्ही रंग भरत होता आणि त्याच हाताने पॉलिश काढत होता.

रेघ काळी का झाली? उघडं लाकूड शाई पितं, पॉलिश पीत नाही. एकच मार्कर ओरखड्यात दुप्पट गडद दिसतो. म्हणून छटा नेहमी फिकी घ्यावी. शिसवात काळ्या रेषांच्या मधे जो तांबूस-तपकिरी रंग असतो ना, त्याला जुळवायचं; दुरून दिसणाऱ्या काळपटपणाला नव्हे. टोक नुसतं टेकवायचं, लगेच रेषांच्या दिशेने फडक्याने पुसायचं, कमी वाटलं तर परत. वाढवता येतं, कमी करता येत नाही.

मुरलेली शाई आता पूर्ण निघणार नाही. स्पिरिटने घासायला गेलात तर भोवतीचं पॉलिशही जाईल. राहू दे.

आंबाडी:
दारावरच्या पांढरट ओरखड्यावर अक्रोडाचा गर घासून बघा. गराचं तेल मुरलं की पांढरेपणा झाकला जातो. आमच्या मेजावर केलंय. खोबरेल मात्र नको, धूळ धरतं.

फोंडेकरीण:
कापूस तपकिरी झाला हो! चपडाच. बोटाचा ठसा कसा घालवू? मीच हलकं पॉलिश मारलं तर?

रंधा:
पावसात चपडा लावू नका. हवेतला दमटपणा पॉलिशखाली अडकतो आणि ते दुधासारखं पांढरं पडतं. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात हमखास. ठसा तसाच सुकू द्या, हात लावू नका. दिवाळीच्या सुमारास कोरडी हवा लागली की मेस्ताला त्या कडेपुरता हात मारायला सांगा.

खोल खाच असेल तिथे मेणकांडी. थोडी ऊब देऊन भरा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सपाट करा. पण मेणावर नंतर पॉलिश नीट धरत नाही, तेव्हा मेस्ताला बोलावणार असाल तर खाच आता भरू नका.

फोंडेकरीण:
अक्रोडाने दार सुधारलं, दुरून कळतही नाही. खालच्या कडेपुढे सध्या गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळांची टोपली ठेवलीय. सासूबाई आल्या, टोपली सरकवली आणि बघितलंच. म्हणाल्या, "रंगकाम करणाऱ्यांनी केलं?" मी अर्धं खरं सांगितलं.

आता उरलेले पाच मार्कर स्वयंपाकघरातल्या सनमायकाच्या दारांना चालतील का?

रंधा:
सनमायकात शाई मुरत नाही, ओलं फडकं फिरलं की हळूहळू जाते. पण कडा उडून आतलं प्लायवूड दिसतंय तिथे छान चालतात. फिक्या मार्करपासून सुरुवात करा मात्र.