रानडुकरावर लहान बोअरची वेगवान गोळी: पुरते की नुसती जखमी करते?

मोहोळकर:
ऊस-मक्यात रानडुकरं शिरली की एका रात्रीत सरीच्या सरी आडव्या होतात. वन विभागाची लेखी परवानगी मिळाली, तरी बार कशानं करायचा हा प्रश्न उरतोच. माझं मत लहान बोअरच्या, म्हणजे कमी व्यासाच्या नळीतून सुटणाऱ्या, हलक्या, वेगवान गोळीच्या बाजूनं आहे. .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळपास ९९० मीटर वेगानं सुटते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे एवढीशी गोळी सुमारे १,७४० जूल घेऊन निघते. धक्का कमी, म्हणून खांदा आखडत नाही आणि नेम बसतो. बाराबोर बंदुकीच्या एल.जी. (मोठ्या) छऱ्यांनी लांबून अर्धमेली करून सोडलेली डुकरं आपल्या भागात कमी नाहीत.

बाराबोर:
हे आकडे नळीच्या तोंडाशी खरे. २०० यार्डांवर त्याच गोळीची ऊर्जा निम्म्यावर येते, कारण हलकी गोळी हवेत लवकर दमते. शिवाय थोराड नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते. पातळ कवचाची (शिशावर पातळ धातूचा पत्रा असलेली) गोळी तिथं फुटून वरचेवर जखम करते, आतपर्यंत पोचतच नाही. १९३५ साली आलेल्या .२२० स्विफ्ट या रायफलच्या काडतुसाचा वेग सेकंदाला १,२५० मीटर होता, तरी मोठ्या जनावरावर तिची गोळी फुटते ही तक्रार सुरुवातीपासून होती. इंग्लंडच्या १९९१ च्या कायद्यात मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच बोअर आणि सुमारे २,३०० जूल लागतात. आपलं डुक्कर हरणापेक्षा नाजूक आहे का?

रेंजवाला:
आधी एक गोंधळ दूर करू. गावात ‘टू-टू’ म्हटलं की .२२ लाँग रायफल. तिची अडीच ग्रॅमची गोळी ३७० मीटरच्या आसपास वेगानं जाते, ऊर्जा जेमतेम १८० जूल. .२२३ च्या दहावा हिस्सा! नळीचा व्यास जवळजवळ सारखा म्हणून दोन्ही एकाच तागडीत घालू नका. टू-टू निशाणावर सरावाला उत्तम, पण तिनं डुकरावर बार करणं म्हणजे जनावराचे हाल. इथं मी ठाम आहे.

नान्नजचा माळ:
गोळी चुकली तर जाते कुठं, यावर कुणीच बोलत नाही. आपल्याकडे सपाट माळ, वर मुरूम आणि काळा दगड. टू-टूच्या डब्यावरसुद्धा दीड मैलाचा इशारा छापलेला असतो. पलीकडे वस्ती असते, मेंढरं असतात. आणि आमच्याकडे माळढोक अभयारण्यालगत काळवीट पिकात येतं. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. १९७२ च्या या कायद्यानं शिकार बंदच आहे, डुकराची परवानगी काळविटाला लागू होत नाही. अंधारात ओळख पटली नाही तर बोट चापावर जाऊच नये.

मोहोळकर:
दगडाचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. पातळ कवचाची वेगवान गोळी जमिनीवर आपटली की बहुतेकदा तिथंच फुटते. टू-टूची संथ, भरीव गोळी उडून पुढं जाते. मचाणावरून खाली बार केला तर धोका आणखी घटतो. आणि ढालीवर गोळी घालायला सांगतंय कोण? शंभर मीटरच्या आत, जाड कवचाची गोळी, कानामागं. जनावर जागेवर बसतं.

बाराबोर:
कानामागची ती जागा मुठीएवढी असते आणि चरणारं डुक्कर मान एका जागी ठेवत नाही. रात्री, विजेरीच्या उजेडात, तुमचा नेम चार बोटं सरकणारच. .३०-०६ या मोठ्या बोअरच्या रायफलची पावणेबारा ग्रॅमची गोळी ८२० मीटरनं जाते. ती खांद्यात बसली तरी पार आतपर्यंत जाते. जखमी नर उसात शिरला, तर सकाळी त्या फडात कोयता घेऊन आधी तोडणी मजूर शिरतात, तुम्ही-मी नाही. त्यांच्यासाठी तरी जड गोळीच हवी.

रेंजवाला:
मजुरांचा मुद्दा पटला. पण ज्यानं वर्षभरात .३०-०६ चे दहा बारही केले नाहीत, तो धक्क्याच्या भीतीनं चाप हिसकतो आणि जड गोळीही पोटातच घालतो. परवानगीच्या अर्जासोबत बार करणाऱ्याचा नेम तपासायची अट हवी, मग बोअर कोणतीही असो.