पोळ्या लाटून कोपर दुखतंय, इंजेक्शन घ्यावं का?

माझं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. रोज 150 पोळ्या मी एकटीच लाटते. दीड महिना झाला, उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडाशी ठणकतं. फडकं पिळलं की कळ पार मनगटापर्यंत जाते. काल चहाचं पातेलं हातातून सुटलं. डॉक्टर टेनिस एल्बो म्हणाले. काम बंद ठेवणं परवडत नाही हो.

प्रतिसाद: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मनगट वर उचलणारे स्नायू त्याच हाडाला चिकटतात, लाटताना तेच ताणले जातात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने लवकर बरं वाटतं, पण दुखणं उलटण्याची शक्यता वाढते. आधी व्यायाम करा: हात टेबलावर, तळवा खाली, मुठीत अर्धा किलो वजन, मनगट सावकाश खाली सोडायचं. वर आणताना डाव्या हाताचा आधार. फरकाला दोन-तीन महिने लागतात. बोटांना मुंग्या येत असतील तर पुन्हा दाखवा.

प्रतिसाद: 2004 मध्ये सचिनलाही याच दुखण्याने बाहेर बसवलं होतं. मला पट्ट्याने आराम पडला.

प्रतिसाद: मुंग्या नाहीत. उद्यापासून कणीक मळायला बाई ठेवतेय, लाटणं मात्र माझ्याकडेच.