इंटरव्हलला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ (सांगली): हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब डेटाबेसवर घेतलाय. पोरांसाठी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची, मराठी टिपणं लिहितोय. डेट म्हणजे तारीख, टाइम म्हणजे वेळ, इथवर निभावलं. इंटरव्हल म्हणजे तारखेत मिळवायची काळाची लांबी, त्याला जोडीदारानं 'मध्यंतर' लिहिलंय. आता उठून वडापाव आणायचा का?

शुद्धमती: 'अवधी' म्हणा. आणि 'तारीख' अरबी आहे. सावरकरांनी दिलेला 'दिनांक' असताना उसनवारी कशाला? टाइमस्टॅम्पला, म्हणजे दिनांक आणि वेळ यांच्या एकत्र नोंदीला, 'कालमुद्रा' शोभेल.

मार्केटयार्ड: ताई, पट्टीवर दिनांक छापलेला असतो, पण माणूस विचारतो 'तारीख किती?' कालमुद्रा म्हटलं तर कुठल्या उत्खननात घावली म्हणतील. आमच्याकडं उधारीला 'मुदत' म्हणतात, तोच शब्द घ्या की.

बेदाणा: मुदत संपते, तिला शेवटची तारीख असते. इंटरव्हलला सुरुवात नाही, शेवट नाही, नुसती लांबी. 'अवधी'लाही तीच अडचण, संस्कृतात त्याचा अर्थ मर्यादा.

शुद्धमती: संस्कृतातला अर्थ मराठीवर लादू नका.

बेदाणा: आणि अरबी शब्दावर मात्र जकात!

कृष्णाकाठ: भांडा, पण महिन्याचं सांगा. ३१ जानेवारीत एक महिन्याचा इंटरव्हल मिळवला, तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस फेब्रुवारीचा शेवटचा दिवस देतात. ओरॅकल सरळ एरर फेकतं.

बेदाणा: महिन्याची लांबीच पक्की नाही. म्हणून प्रमाण एसक्यूएलमध्ये इंटरव्हलच्या दोन जाती: वर्ष-महिना एक, दिवसापासून सेकंदापर्यंतची दुसरी. दोन्हींना एकच शब्द पुरेल असं मला वाटत नाही.

वाईकर: करंट_टाइमस्टॅम्पला काय लिहिलंत?

कृष्णाकाठ: 'आत्ताची वेळ'.

वाईकर: चूक. पोस्टग्रेसमध्ये ती ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या आज्ञांचा गट, सुरू झाल्याची वेळ असते, मधे अर्धा तास गेला तरी हलत नाही. ती 'आता'. खरं 'आत्ता' हवं तर क्लॉक_टाइमस्टॅम्प.

शुद्धमती: एका जोडाक्षरावर एवढा डोलारा? 'आत्ता' हे नुसतं बोलीतलं रूप आहे.

वाईकर: नुसतं कसं? 'आता मी सांगलीत राहतो' आणि 'आत्ता मी सांगलीत आहे' यात फरक नाही?

बेदाणा: मायएसक्यूएलमध्ये नाऊ म्हणजे ते स्टेटमेंट (ती एक आज्ञा) सुरू झाल्याची वेळ, सिसडेट म्हणजे ते फंक्शन चालतं त्या क्षणाची. म्हणजे 'आता'तही पोटभेद आले.

मार्केटयार्ड: आमचा हमाल 'आत्ता आलो' म्हणून गेलाय. त्यो कुठल्या डेटाबेसात बसतो?